बँकॉकचं ऑफर लेटर

आज टेकचा विषय नाही. म्हणजे, थोडासा आहेच.

कॉलेजमधल्या एका ज्युनियरने मला ऑफर लेटर पाठवलं. "दादा, बघ ना जरा." बँकॉक, 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग', पगार माझ्यापेक्षा जास्त. मुलाखत टेलिग्रामवर, वीस मिनिटांत. एजंटने ऐंशी हजार मागितले, चाळीस वडिलांनी भरलेसुद्धा.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अगदी याच पदाच्या नावाने इशारा दिला होता. आयटीतल्या पोरांना थायलंड सांगायचं आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये न्यायचं. तिथे मियावाडीच्या कंपाउंडमध्ये पासपोर्ट काढून घेतात आणि खोट्या नावाने चॅट करून लोकांना लुबाडायला लावतात. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीय परत आणले.

आता गंमत बघा. आपला एमिग्रेशन ॲक्ट १९८३चा. दहावी न झालेल्याला आखातासह १८ देशांत कामाला जायचं तर सरकारी मंजुरी लागते. आपण बीटेक, पासपोर्ट ईसीएनआर, आपल्याला कुणी विचारत नाही. तेव्हा फसायचा तो गवंडी, मजूर. आज टोळीला इंग्रजी टाइप करणारा हवाय, आणि तो सरळ विमानात बसतो.

शिक्षा कमी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये मानवी तस्करीला किमान ७ वर्षं सक्तमजुरी आहे. पण हा धंदा आहे हो! सक्तीच्या श्रमातून जगभरात वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो, असा आयएलओचा २०२४चा अंदाज आहे. एक एजंट आत गेला तर दुसरा नंबर सुरू होतो. म्हणून मला थायलंडचं पाऊल पटलं: फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी मियावाडी भागाची वीज, इंटरनेट, इंधन तोडलं. धंदा पूर्ण थांबला नाही, पण घाव खर्चावर बसला. आपल्याकडे पैशाचा माग काढणं तेवढ्या जोरात व्हायला हवं.

ज्युनियरसोबत ई-मायग्रेट पोर्टल उघडलं. नोंदणीकृत एजंटांच्या यादीत तो एजंट नव्हता. शिवाय नोंदणीकृत एजंटला फी ३० हजार अधिक जीएसटी, एवढीच घेता येते. तो गेला नाही. १९३० वर फोन केला, तक्रार नोंदवली. चाळीस हजार अजून आलेले नाहीत. त्याचे वडील दर रविवारी मला विचारतात. एजंटचा नंबर काल संध्याकाळपर्यंत ऑनलाइन दिसत होता.