मोबाईलवरची बँक आणि आपण



नोटा छापणाऱ्या आपल्या नाशकातही आता व्यवहार मोबाईलवर होऊ लागले आहेत. केनियात २००७ साली एम-पेसा सुरू झाले आणि बँकेत खाते नसलेला माणूसही साध्या फोनवरून गावी पैसे धाडू लागला. आपल्याकडे २०१६ साली यूपीआय आले. त्याच वर्षी बाबासाहेबांचे नाव दिलेले 'भीम' ॲपही आले. परंतु घरातील वडीलधारी मंडळी विश्वासाने पिन दुसऱ्यास सांगतात आणि कष्टाचा पैसा जातो. पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही, हे आपण घरोघरी सांगितले पाहिजे. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे हे साल आपण नाशिककर विसरणे शक्य नाही.