सांडपाण्यातील इंधन

नोकरीनिमित्त चेन्नईस आलेला मराठी माणूस अण्णा नगरात राहू लागला, म्हणजे रुंद रस्त्यांमागोमाग त्याला परिचय होतो तो जवळच्या कूवम नदीच्या वासाचा. आपण नाक मुरडतो. वास्तविक हा वास एक वर्दी देत असतो: पाण्यातील घाण प्राणवायूवाचून कुजते आहे!

हेच कुजणे बंदिस्त टाकीत घडवून आणले, तर जळाऊ वायू हाती येतो. त्यात सुमारे साठ टक्के मिथेन असतो. टाकीत सूक्ष्मजीवांची दोन कुळे नांदतात. पहिले कूळ घाणीचे विघटन करून आम्ले बनविते. दुसरे त्या आम्लांपासून मिथेन निर्माण करते. पहिले उतावळे, दुसरे संथ. टाकीत एकदम फार भर घातली की आम्ल साचते, दुसरे कूळ हतबल होते आणि वायू बंद पडतो. तेव्हा माफक आणि नियमित आहार, हेच येथील मुख्य शास्त्र. ऊब पस्तीस अंशांच्या आसपास लागते. थंड देशांत त्यासाठी तयार वायूतलाच काही जाळावा लागतो. चेन्नईत ते काम बहुतांशी सूर्यनारायण फुकट करतो.

ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडमधील एक्सेटर येथे १८९५ साली मैलापाण्याच्या वायूवर दिवे लागले, आणि १८९७ साली आपल्या माटुंग्याच्या कुष्ठाश्रमातही असा वायू गोळा करण्यात आला. अण्णा नगरालगतच्या कोयंबेडू येथील मैलापाणी-शुद्धीकरण केंद्रात तर गाळातून निघणाऱ्या वायूवर वीज निर्माण करण्यात आली.

परंतु जी क्रिया टाकीत दिवा लावते, तीच दुर्लक्षित गटारात माणूस मारते. मिथेनच्या जोडीला तेथे हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा. पण प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते, आणि आत उतरलेल्या कामगारास वाटते, हवा निवळली. त्याला काढावयास धावलेला सोबतीही अनेकदा परत येत नाही. संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. तरी अशा मृत्यूंच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. गाळ यंत्रानेच उपसला जाईल, एवढे तरी प्रत्येक गृहसंस्थेने कंत्राटदाराकडून आधी लिहून घ्यावयास हवे.