उरलेला रंग

दिवाळीपूर्वीं घराला रंग दिला जातो. रंगारी निघून जातो आणि जिन्याखालीं अर्धेमुर्धे डबे उरतात. कोणी तरी ते मोरींत रिकामे करतो. घर मोकळें होतें, पण रंग नाहींसा होत नाहीं. तो गटारांतून ओढ्याला मिळतो आणि वाटेंत गटार उपसणाऱ्याच्या उघड्या हातांना लागतो.

यास्तव रंग बेतानेंच आणावा हें उत्तम. उरलाच तर झांकण घट्ट लावून ठेवावा, किंवा शेजाऱ्याच्या उपयोगीं पडूं द्यावा. डिस्टेंपरसारखा पाण्याचा थोडा रंग वाळूंत वा भुशांत कालवून, मुलांपासून दूर, वाळवावा. तैलरंग व टर्पेंटाईन मोरींत ओतूं नये, जाळूंही नये. बंद डब्यांत निराळें ठेवून नगरपालिकेच्या संकलन केंद्राकडे द्यावें. अळशीच्या तेलानें भिजलेलीं फडकीं ढिगानें टाकल्यास आपल्याच उष्णतेनें पेट घेतात. तीं मोकळ्या हवेंत पसरून वाळवावीं. टर्पेंटाईन सरबताच्या बाटलींत भरणें म्हणजे तहानलेल्या मुलापुढें विष ठेवणें होय. संडास धुण्याचें ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर हीं एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायु सुटतो.

भारत सरकारच्या २०१६ सालच्या घनकचरा नियमांनीं रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, वापरलेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेलीं औषधें व फुटलेले पाऱ्याचे तापमापक यांस ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून इतर कचऱ्यापासून वेगळें काढलें. नियम सरकारनें केला. पण तो पाळला जातो कीं नाहीं, हें प्रथम कळतें तें पहाटे पेटी उघडणाऱ्या सफाई कामगारालाच.