बंद लिफाफ्यातला पुरावा

मी चेन्नईतून बोलतोय, म्हणून सुरुवात इथल्याच माणसांपासून करतो. 1983 पासून श्रीलंकेतले तमिळ निर्वासित तमिळनाडूत राहतात. त्यातल्या एखाद्याला 'देश सोडा' अशी नोटीस आली, तर दाद मागायला प्रामुख्याने अनुच्छेद 226 खालची रिट उरते, मद्रास उच्च न्यायालयात. तिथे सरकार म्हणालं, "कारण सुरक्षेचं आहे, कागद फक्त न्यायमूर्तींना बंद लिफाफ्यात दाखवतो," तर?

आरोपच माहीत नसेल, तर खोडायचा कसा? नावाची गल्लत झाली असेल, खबऱ्याने जुना राग काढला असेल. हे सांगू शकतो तो फक्त ज्याच्यावर आरोप आहे तो माणूस. न्यायमूर्ती कितीही निष्पक्ष असोत, ही माहिती त्यांच्यापाशी नसते.

आपला कायदा इथे दोन दिशांना ओढतो. 1955 च्या हान्स म्युलर निकालाने परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार जवळपास अमर्याद मानला. 1977 मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त झाला आणि कारण सांगायला सरकारने नकार दिला. 1978 च्या त्या निकालाने म्हटलं, कार्यपद्धती न्याय्य हवी. आणि अनुच्छेद 21 मधला शब्द 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. म्हणजे राहण्याचा हक्क नसला, तरी न्याय्य वागणुकीचा आहे.

सरकारची अडचणही खरी आहे. खबऱ्याचं नाव फुटलं तर त्याचा जीव जाऊ शकतो. ब्रिटनने यावर वाट काढली. चहल नावाच्या शीख गृहस्थांना भारतात पाठवण्याच्या प्रकरणात 1996 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तिथली गुप्त पद्धत अपुरी ठरवली. पुढच्याच वर्षी कायदा करून विशेष वकील नेमण्याची सोय झाली. तो गुप्त कागद पाहतो आणि त्या माणसाच्या बाजूने उलटतपासतो. उणीव एकच: कागद पाहिल्यावर त्याला त्या माणसाशी मोकळेपणाने बोलता येत नाही.

आपल्याकडे 5 एप्रिल 2023 ला 'मीडिया वन' या मल्याळम वाहिनीच्या खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितलं की, 'राष्ट्रीय सुरक्षा' एवढं म्हणून नैसर्गिक न्याय गुंडाळता येणार नाही. गुप्ततेची गरज सरकारने पटवून द्यायला हवी.

ती वाहिनी भारतीय होती, तिच्याकडे नामांकित वकील होते. छावणीतल्या माणसाकडे यातलं काही नसतं. म्हणून माझी मागणी छोटी आहे. खबऱ्याचं नाव झाका, पण आरोपाचा सारांश त्या माणसाच्या हातात द्या, त्याला समजेल अशा भाषेत.