साठीनंतरची तालीम

(आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा निवृत्त मास्तर शिष्यवृत्तीविषयी अथवा वधूवरसूचीविषयी चार शब्द बोलतील अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु गतवर्षी ज्ञातीतल्याच एका लग्नात आमची जी फजिती झाली, ती सांगितल्यावाचून आज राहवत नाही. पंगत जुन्या रीतीने पाटांवर बसली होती. जेवण यथास्थित झाले, मंडळी हात धुण्यास उठली, आणि आम्ही मात्र काही केल्या उठेनासे झालो. गुडघा दुखत नव्हता, चक्कर आली नव्हती. मांड्यांत बळच उरले नव्हते. अखेरीस आमच्याच हाताखाली शिकलेल्या दोघा तरुणांनी काखेत हात घालून आम्हांस उचलले. ज्यांना आम्ही एके काळी बाकावर उभे केले होते, त्यांनी आम्हांस पाटावरून उभे केले!

गोष्ट हसण्यासारखी खरी. परंतु त्या रात्री आम्हांस आमच्या थोरल्या अक्काची आठवण झाली आणि हसू मावळले. ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तथापि अंथरुणावरच्या दीड महिन्यात तिच्या पायांच्या काड्या झाल्या, आणि पुन्हा ती आधारावाचून चालली नाही. दीड वर्षाने गेली. आम्ही सर्वांनी ओल्या फरशीला दोष दिला. परंतु पडण्यापूर्वी दोन वर्षे ती भिंत धरून उठत होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो आणि ‘वय झाले’ म्हणून सोडून देत होतो. ही आमची चूक होती.

वय झाले म्हणजे नेमके काय झाले, याचा शोध आम्ही त्यानंतर घेतला. पन्नाशीनंतर मनुष्याचे स्नायू दरसाल सुमारे एक ते दोन टक्के घटतात आणि त्यांची शक्ती त्याहूनही वेगाने ओसरते. तोल जाताच चटकन पाय टाकून सावरणारे जे जलद तंतू, तेच अधिक झिजतात. या झिजेला १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. नाव ग्रीक आहे, त्याचा अर्थ मांसाचे दारिद्र्य. एवढेच नव्हे, जेवणानंतर रक्तात येणारी साखर शोषून घेण्याचे सर्वांत मोठे कोठार स्नायू हेच होय. ते आकुंचन पावले की मधुमेहाला वाट मोकळी होते. आपल्या ज्ञातीत मधुमेह नाही असे घर शोधावे लागेल.

आपण शिंपी. आपले आजे दिवसभर जमिनीवर मांडी घालून शिवत, पण कापडासाठी, इस्त्रीसाठी, गिऱ्हाइकासाठी पन्नास वेळा उठत. पुढे पायांनी चालवायचे यंत्र आले. आता त्यालाही विजेची मोटार बसली. घरच्या स्त्रिया आडावरून कळश्या आणीत. आता नळ आला. नळ आला ही फार चांगली गोष्ट झाली, त्याबद्दल कोणी हळहळू नये. परंतु कळशीबरोबर खांद्यांचे जे काम गेले, त्याच्या जागी आपण दुसरे काही ठेवले नाही.

कोणी म्हणेल, आम्ही रोज सकाळी फिरावयास जातो. अवश्य जावे, हृदयास व मनास ते हितकर आहे. परंतु चालण्याने दंड व खांदे बळकट होत नाहीत, आणि पाटावरून उठण्यास लागणारे मांडीचे बळही फारसे वाढत नाही. स्नायू बळकट व्हावयाचा तर त्याच्यावर नेहमीपेक्षा जास्त भार पडावा लागतो, आणि तो सोसवू लागला की पुन्हा थोडा वाढवावा लागतो. तालमीतले वस्ताद हे जाणत होते. जोर, बैठका, करेला, सारे याच नियमावर उभे आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार राजापासून शाळकरी पोरापर्यंत केला, आणि ते स्वतः उतारवयातही नमस्कार घालीत. मग तालीम पंचविशीतच संपते, ही समजूत आपल्यात कोठून आली कोण जाणे!

ही समजूत किती खोटी आहे ते १९९० साली बोस्टन येथे सिद्ध झाले. मारिया फियातारोने या डॉक्टरीणबाईंनी वृद्धाश्रमातील दहा अशक्त वृद्धांना निवडले. त्यांचे सरासरी वय ९० वर्षे. देखरेखीखाली आठवड्यातून तीन वेळा पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम त्यांच्याकडून आठ आठवडे करविला. वजनही लुटुपुटीचे नव्हे, झेपेल त्यातले भारी. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे मूळच्या पावणेतीनपट झाले. मांडीचे स्नायू ९ टक्क्यांनी भरले. बळ इतके आणि मांस एवढेच कसे, असा प्रश्न आमच्या मनात आला. उत्तर असे की, आरंभी मज्जातंतू निजलेल्या स्नायूंना जागे करावयास शिकतात. मांस मागाहून भरते. १९९४ साली शंभर वृद्धांवर केलेल्या मोठ्या प्रयोगातही हाच अनुभव आला. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीपुढील सर्वांस आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायुबलाचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे.

प्रथम आपली परीक्षा घ्यावी. खुर्चीवर बसून, हात छातीशी बांधून, पाच वेळा उठावे व बसावे. आशियातील तज्ज्ञांनी २०१९ साली ठरविलेल्या कसोटीप्रमाणे यास १२ सेकंद वा अधिक लागले, तर शरीराची क्षमता उणी समजावी. आम्हांस २१ लागले. आमच्या मंडळींस १४. (त्यांनी हे सर्वांस सांगितले आहे, तेव्हा लपविण्यात अर्थ नाही.)

मग खुर्चीतून दहा वेळा उठणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलणे, अशी आम्ही सुरुवात केली. बारा वेळा सहज होऊ लागले की वजन वाढवावयाचे. आता आम्ही मांडीवर पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन उठतो. उचलताना श्वास कोंडू नये, त्याने रक्तदाब चढतो. दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर घाबरू नये. सांधा दुखला अथवा छातीत कळ आली तर मात्र तात्काळ थांबावे. हृदयविकार किंवा ठिसूळ हाडे असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांस विचारावे.

आहाराविषयी एकच. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत असे तज्ज्ञ म्हणतात. साठ किलोच्या माणसास निदान साठ ग्रॅम. वाटीभर वरणातून सहासात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा, मोठ्या पेलाभर दुधातून आठ. चहापोळीवर व साबुदाण्यावर दिवस काढणाऱ्या आपल्या वृद्धा साठाचा हिशेब कसा जुळविणार? ज्यांच्या मूत्रपिंडास विकार आहे त्यांनी मात्र वैद्यांच्या सल्ल्यानेच चालावे.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा घड्याळ लावले. ११ सेकंद लागले. येत्या वैशाखात पुतणीचे लग्न आहे आणि पंगत पाटांवरच मांडा असे आम्ही बजावून ठेवले आहे.

आता कार्यकारिणीस विनंती. आपल्या कार्यालयाचे सभागृह लग्नसराई सोडली तर सकाळी रिकामे असते. मंगळवारी व शुक्रवारी सात ते आठ ते वृद्धांसाठी उघडावे, आणि स्त्रियांसाठी त्यापुढचा एक तास राखावा. ‘म्हाताऱ्यांची तालीम पाहून लोक हसतील,’ असे एका सन्माननीय सभासदांनी मागील बैठकीत म्हटले. त्यांचे वय आम्हांस ठाऊक आहे. पहिली खुर्ची आम्ही त्यांच्यासाठीच राखून ठेवणार आहोत. खुर्च्या सभागृहात आहेतच. येताना प्रत्येकाने पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या आणाव्यात. किल्ली आमच्याजवळ राहील.