दोन गोळ्या आणि तिसरी पाळी



आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात झाले. औषधांवर बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही; पण तिसऱ्या पाळीच्या एका तरुणाने गेटवर खिशातून दोन पाकिटे काढली आणि विचारले, "काका, यातली कुठली घेऊ? एकीने डोके चालते म्हणतात, दुसरीने झोप येत नाही." आम्ही निरुत्तर झालो. मग वाचनालयात बसलो, ओळखीच्या डॉक्टरांना छळले, आणि जे उमगले ते आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोळी पिरासेटम. बेल्जियममधील यूसीबी कंपनीत १९६४ साली कॉर्नेलियू जुर्जिया यांनी ती तयार केली आणि १९७२ मध्ये असल्या औषधांना 'नूट्रॉपिक' हे नाव दिले. स्मरण वाढावे, मेंदूचे रक्षण व्हावे, आणि गुंगीही नको की उत्तेजनाही नको, अशी त्यांची अपेक्षा. अपेक्षा मोठी सज्जन! स्नायूंना बसणाऱ्या एका प्रकारच्या झटक्यांवर ही गोळी देतात; पण स्मृतिभ्रंशावर ती द्यावी इतका पुरावा २००१ सालच्या कॉक्रेन आढाव्याला सापडला नाही. धडधाकट माणसाने तिच्यापायी पगार घालवू नये, एवढेच आम्ही म्हणतो.

दुसरी मोडॅफिनिल, मूळची फ्रान्सची. ही खरोखर जागे ठेवते, आणि म्हणूनच आम्हाला हिची अधिक धास्ती वाटते. दिवसा अनावर झोप येण्याचा नार्कोलेप्सी नावाचा विकार आहे. त्यासाठी अमेरिकेत १९९८ मध्ये तिला मान्यता मिळाली, आणि पुढे 'पाळीच्या कामाचा निद्राविकार' यासाठीही. पाहा, रोगाच्या नावातच पाळी आहे, आणि गोळी मात्र कामगाराने गिळायची! चार्ल्स झाइस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २०९ रुग्णांवरची परीक्षा २००५ मध्ये प्रसिद्ध केली. रात्रपाळीत आडवे केले की ही माणसे दोन मिनिटांत झोपत. गोळीने तो वेळ चार मिनिटांच्याही आतच राहिला. म्हणजे झोपेचे कर्ज तसेच. शिवाय क्वचित जिवावर बेतणारे पुरळ उठते. २०१० मध्ये युरोपच्या औषध संस्थेने ही गोळी नार्कोलेप्सीपुरतीच ठेवावी, अशी शिफारस केली.

आता गंमत ऐका. याच झाइस्लरांचा आणखी एक निबंध आहे, १९८२ सालचा. ते साल म्हटले की आम्हाला मुंबईचा गिरणीसंपच आठवतो. अमेरिकेत युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात पाळ्या उलट्या क्रमाने, दर आठवड्याला बदलत. त्या सकाळ, दुपार, रात्र अशा सुलट क्रमाने आणि एकवीस दिवसांनी बदलून पाहिल्या. कामगारांचे समाधान वाढले, आणि मालकांनी कान टवकारावेत असे उत्पादनही वाढले. गोळी एकही लागली नाही.

त्या तरुणाला आम्ही पाकिटांसह डॉक्टरांकडे धाडले. सुलट पाळीची मागणी यंदाच्या मागणीपत्रात घातली आहे, बोनसच्याही वर. काही सभासद त्यावरून अजून आमच्याशी धड बोलत नाहीत.