दार उघडे, पण नियमाने

श्रोतेहो, अमेरिकेत शिकागो शहरी एक मोठे कलासंग्रहालय आहे. १८९३ साली स्वामी विवेकानंद बोलले ते याच इमारतीत. संग्रहालयाला जोडूनच एक कलाशाळा आहे. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरली आणि दोन्हींची दारे लागली.

आता इतिहास घरबसल्या वाचता येतो हो. पण माती कशी मळायची, छिन्नी कशी धरायची, हे पडद्यावर पाहून हातात येत नाही! म्हणून शाळेने पुढच्या सत्रात काही पाठ घरून, काही समक्ष ठेवले. संग्रहालय ३० जुलैला उघडले ते नियम घालूनच: तोंडाला मुखपट्टी, माणसामाणसांत अंतर, एका वेळी मोजकीच माणसे. साथ वाढताच नोव्हेंबरात दार पुन्हा लावले; ते फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडले.

यातले मर्म काय? पाहुणा तासाभराने घरी जातो. दालनातला पहारेकरी दिवसभर तिथेच उभा असतो. आपली मुखपट्टी त्याच्यासाठीही असते. गुरुजनहो, शाळेत नियम सांगताना मुलांना आधी हे ‘कोणासाठी’ ते सांगा. मग नियमाचा जाच वाटत नाही.